पंख्यात गेलेलं जाळं

पूर म्हटला की लोक पाण्याच्या पातळीबद्दल बोलतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंचांपर्यंत गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेनं ५७ फूट ओलांडले आणि २००५ ची खूणही पाण्याखाली गेली. हे आकडे पाठ असलेली माणसं प्रत्येक गल्लीत भेटतात. पण त्या पाण्यावर बोट का बंद पडते, हे विचारणारं कुणी भेटत नाही. माझं काम तेच आहे. बोटीच्या मागच्या फळीला लावायची इंजिनं, ज्यांना सगळे ओबीएम म्हणतात, ती मी दुरुस्त करतो. त्या पुरात शिरोळ तालुक्यात बचावाच्या बोटींबरोबर होतो.

माझ्या हाताखालून गेलेल्या बंद बोटींत इंजिन खरोखर बिघडलेलं क्वचितच होतं. बाकी कारणं साधी. एक म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो. इंजिन पाच-दहा मिनिटं चालतं, टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चपटा होतो आणि इंजिन मान टाकतं. स्क्रू सैल करून फुगा दाबला की पुन्हा सुरू. दुसरं, ऑइलचं प्रमाण. टू-स्ट्रोकला ५०:१, म्हणजे २० लिटर पेट्रोलला ४०० मिलि ऑइल. घाईत अंदाजे ओततात. जास्त पडलं तर प्लग काळा होऊन ठिणगी मरते, कमी पडलं तर पिस्टन धरतो. तिसरं, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडत राहायला हवी. उसाचं पाचट किंवा जलपर्णी खालच्या जाळीवर बसली की ती धार तुटते, आणि ती तुटलेली दिसली की लगेच बंद करायचं. पाण्याशिवाय चाललं तर पंपातला रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो. बोटचालकाला वळून धार बघायची सवय लावणं हे अर्धं प्रशिक्षण आहे, आणि नेमकं तेच कुणी देत नाही. बोट खरेदी होते, फीत कापली जाते, फोटो निघतात आणि बोट गोदामात जाते. इम्पेलर, प्लग, कॉटर पिना यांचं शे-दोनशे रुपयांपासूनचं सामान मागितलं की पुढच्या वर्षीच्या तरतुदीकडे बोट दाखवतात.

पण त्या दिवसाचा मामला यातला नव्हता.

कुरुंदवाडच्या बाजूला एका वस्तीवरून माणसं आणत होतो. रबरी बोट, २५ अश्वशक्तीचं इंजिन, क्षमतेइतकीच माणसं, सगळ्यांच्या अंगात जॅकेट. कृष्णा-पंचगंगेचा संगम नृसिंहवाडीला आहे आणि तिथून मागे पाणी फुगतं. त्या फुगवट्यात मधली धार भयंकर असते, पण कडेला शेतांवरून पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. जाणता चालक बोट त्या संथ पाण्यातून घेतो. डोळ्यासमोर विजेचे खांब ठेवायचे, कारण खांब रस्त्याच्या कडेनं जातात. तारांखालून मात्र बेतानं जायचं. रस्ता ओलांडणारी तार साधारण १९-२० फुटांवर असते, आणि रस्त्यावर १५ फूट पाणी चढलं की ती बोटीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या छातीशी येते. वीज बंद केली आहे असं सांगितलेलं असलं तरी हात लावायचा नाही. उसावरून बोट न्यायची नाही, शेंडे दिसत नसले तरी. आणि गच्चीला बोट लावताना पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया आधी बघायच्या. त्या पाण्याच्या पातळीला असतील तर बोटीच्या हवा भरलेल्या रबरी नळीत थेट घुसतात.

हे सगळं सांभाळून येत असताना इंजिनाचा आवाज एकदम जड झाला, दोन आचके बसले आणि ते बंद. गिअर न्यूट्रलला येईना. तो न्यूट्रलला नसला की स्टार्टरची दोरी ओढलीच जात नाही, ती सोय सुरक्षेसाठी केलेली असते. बोट हळूहळू आडवी होत मधल्या धारेकडे सरकायला लागली.

अशा वेळी पहिलं काम नांगर. तो नाकाकडून टाकायचा, मागून कधीच नाही. मागची फळी बुटकी असते, तिथून बोट अडकली की धारेचं पाणी सरळ आत. दोरी खोलीच्या किमान पाचपट सोडायची, नाहीतर नांगर तळ धरत नाही. आमच्या नांगरानं बांधाला की झाडाला धरलं, बोट नाक वर करून स्थिर झाली. मग इंजिन उचललं. पंख्यावर, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरवर, तंगूसच्या (नायलॉनच्या धाग्याच्या) जाळ्याचा गोळा बसला होता. त्यातूनच बोयांची दोरी एका बाजूला आणि शिशाच्या मण्यांची दोरी दुसऱ्या बाजूला ताणलेली. माणसांना पुढे सरकून बसायला सांगितलं, कारण मागे वाकणाऱ्या दोघांचं वजन फळीवर येतं.

वस्तीवरून चढलेल्यांत एक म्हातारे कोळी होते. ते गुडघ्यावर मागे आले, गढूळ पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि न बघता नुसत्या बोटांनी शिशाच्या दोरीचा अंदाज घेतला. म्हणाले, "उलटं फिरवू नगंस, आणखी आवळंल. आदी खालची दोरी तोड, वज्जं जाऊ दे."

"मामा, जाळं कुणाचं?"

"माझंच हाय. काप."

खालची दोरी तुटली तसा सगळा ताण गेला. मग गोळा कापायचा तो शाफ्टच्या दिशेनं, म्हणजे एका घावात सगळे वेढे तुटतात. एकेक वेढा सोडवत बसलं तर अंधार पडतो. तंगूस घर्षणानं वितळून बुशीवर कडक झालेली होती, ती हॅकसॉच्या पात्याच्या तुकड्यानं खरवडली. रबरी बोटीत टोकदार सुरी नको, पातं बरं. पंखा जागेवर काढला नाही. पाण्यावर कॉटर पिन, नट आणि वॉशर सोडायला घेतले आणि यातलं एक जरी हातातून सुटलं तरी ती बोट कामातून गेली. पंखा हातानं मोकळा फिरला, गिअर न्यूट्रलला आला, इंजिन सुरू झालं. मामांनी दोरी कापून नांगर सोडायला लावला, कारण तो वर ओढताना बोट पुन्हा जाळ्याच्या उरलेल्या भागावर गेली असती. कुठल्या बाजूला किती जाळं शिल्लक आहे, हे त्यांना पाठ होतं.

मी अजून विचार करतो तो याच गोष्टीचा. ते जाळं तिथं असणं हा योगायोग नव्हता. पुराच्या मधल्या धारेत जाळं टिकत नाही आणि मासाही थांबत नाही. तो कडेच्या संथ पाण्यात, बुडालेल्या शेतांवर येतो, म्हणून कोळी तिथं जाळं लावतो. बोटचालकही तेच पाणी शोधतो. म्हणजे बोट जितकी शहाणपणानं चालवाल तितकी ती जाळ्यात जाणार. यावर उपाय एकच, जाळी लावणारा माणूस बोटीत पुढे बसवायचा.

दुसऱ्या दिवशी मी मामांना बरोबर घेऊ म्हटलं. केंद्रावरच्या साहेबांनी विचारलं, यादीत नाव आहे का, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे का. साहेबांची अडचणही खरी होती. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटून अनेक जीव गेले होते, सगळे धास्तावलेले होते. पण बाहेरून आलेल्या पथकांना, कितीही कसलेली असली तरी, पाण्याखाली काय आहे ते कसं कळणार? नदीकाठ उपसा सिंचनाच्या जॅकवेलनी (नदीचं पाणी उपसायच्या विहिरींनी) आणि पाइपांनी भरलेला आहे. विहिरींचे कठडे आहेत, वीटभट्ट्या आहेत, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बुडालेल्या बंधाऱ्यावर पाणी गुळगुळीत फुगीर दिसतं आणि त्याच्या खालच्या अंगाला उलटं फिरतं. त्या उलट्या पाण्यात बोट सापडली की इंजिन कितीही अश्वशक्तीचं असू दे, ती सुटत नाही. मामा शेवटी दुसऱ्या एका बोटीत बसले, कागदावर न येता. त्या बोटीच्या पंख्यात एकही जाळं गेलं नाही.

पाणी ओसरल्यावर सर्व्हिसिंगला आमच्या इंजिनाचा पंखा काढला. वॉशरच्या मागे तंगूसचे दोन वेढे राहिलेले होतेच. त्यांनी ऑइल सील कापलं होतं आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं झालं होतं. सील बदललं, ऑइल दोनदा भरून काढलं, बेअरिंगला गंज लागायच्या आत काम झालं. बाकीच्या बोटी उघडायला परवानगी मागितली, तर उत्तर आलं की त्या चालू स्थितीत जमा झाल्या आहेत. पंख्यात तंगूस गेलेली प्रत्येक मोटार त्याच आठवड्यात उघडायला हवी. वरून चालू दिसते, आत पाणी बसलेलं असतं, आणि पुढच्या पुरात पहिल्याच फेरीला गिअरचे दाते धरतात.

मामांच्या जाळ्याचं काय? तंगूसचं जाळं किलोवर विकत मिळतं, वर बोया, शिसं आणि विणून घ्यायची मजुरी. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं की जाळं वाहून गेलं का. मामांनी खरं ते सांगितलं, बोटीसाठी कापलं. त्याला रकाना नव्हता. वाहून गेलं म्हणा, असं मी त्यांना सुचवलं होतं, पण त्यांनी मानलं नाही.

दर मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठक होते. बोटी, जॅकेटं, दोऱ्या, टॉर्च यांची यादी वाचली जाते. मी दोन गोष्टी मागतो. प्रत्येक बोटीबरोबर एका डब्यात हॅकसॉचं पातं, दोन प्लग, २१ चा पाना, कॉटर पिना, इम्पेलर आणि जादा नांगर-दोरी. आणि प्रत्येक गावातल्या दोन कोळ्यांची नावं, जॅकेट आणि विम्यासकट. डबे गेल्या खेपेला मंजूर झाले. नावांवर चर्चा पुढच्या बैठकीत आहे.