‘मॅडम, मी काहीच काम केलेलं नाही’ : आमची वाटचाल

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही पदवी झालेल्या मुलांची नोकरीसाठी तयारी करून घेतो आणि त्यांना नोकऱ्या मिळवून देतो. नवीन मूल आलं की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो : आजवर काय काय काम केलंस? उत्तरही बहुतेक वेळा तेच येतं. ‘मॅडम, मी काहीच काम केलेलं नाही. फ्रेशर आहे.’ हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. ते कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं, आणि त्यापायी चौदा मुलांची एक चांगली संधी गेली.

त्याआधी मी अकरा वर्षं महापेच्या एका कंपनीत एचआरमध्ये होते. पदवीचे निकाल लागले की टेबलावर सीव्हींचा गठ्ठा यायचा. एकेका कागदाला अर्धं मिनिट मिळायचं. वरच्या ओळी सगळ्यांच्या सारख्या : आव्हानात्मक कामाची इच्छा, मेहनती स्वभाव, सर्वांशी जुळवून घेण्याची तयारी. खाली बीकॉम, बीएमएस, बीएस्सी आयटी, टक्के आणि छंद. कळवा, डोंबिवली, उल्हासनगर, ऐरोली इथली मुलं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशिटांच्या झेरॉक्स घेऊन रिसेप्शनला बसलेली असायची. त्यांना परत पाठवणारी मीच होते. एकदा एका मुलीने जाता जाता विचारलं, ‘मॅडम, नेमकं काय कमी पडलं, तेवढं सांगाल का?’ मला सांगता आलं नाही. तसं सांगायची कंपनीत पद्धत नव्हती, आणि मी तिचा कागद तेवढ्या बारकाईने वाचलाही नव्हता. तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि पुढे बरेच दिवस राहिला.

२०१३ मध्ये नोकरी सोडली. त्याच वर्षी माझ्या ओळखीच्या एक प्राध्यापिका कॉमर्स कॉलेजातून निवृत्त झाल्या होत्या. मुलं त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही बाईच म्हणते. त्यांनी तीस वर्षं कॉलेजच्या आतली बाजू पाहिलेली, मी कंपनीच्या आतली. मध्ये जे अंतर होतं त्यात काहीतरी करायचं, एवढंच ठरलं होतं. माझ्या पीएफचे पैसे काढले, गुमास्ता परवाना घेतला, जुन्या बाजारातून दोन टेबलं आणि दहा खुर्च्या आणल्या.

पैशाचं पहिल्याच दिवशी ठरवलं : नोकरी लावून देण्याचे म्हणून मुलाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. तयारीच्या वर्गाची फी घ्यायची, तीही वडापावच्या गाडीवर काम करणाऱ्या बापाला देता येईल एवढीच. खरी कमाई कंपनीकडून. आमच्या धंद्यात त्याला नुसतं ‘आठ तेहतीस’ म्हणतात, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, थोडक्यात एका महिन्याचा पगार. उमेदवार नव्वद दिवसांच्या आत सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा. त्यामुळे कुणाला तरी कुठेतरी चिकटवून मोकळं होणं परवडत नाही. पहिल्या वर्षी भाडं भागेल एवढेही पैसे आले नाहीत, पण हा नियम बदलावा असं आम्हा दोघींना कधीच वाटलं नाही.

आता ती चौदा मुलांची गोष्ट. ऐरोलीच्या एका कंपनीने बॅक ऑफिससाठी आमच्याकडून चौदा जण बोलावले. आम्ही महिनाभर तयारी करून घेतली होती. ‘स्वतःबद्दल सांगा’, ‘तुमची कमतरता कोणती’, ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ या सगळ्यांची उत्तरं मी स्वतः छान इंग्रजीत लिहून दिली आणि मुलांनी ती पाठ केली. संध्याकाळी तिथल्या एचआर मॅडमचा फोन आला. ‘ताई, रागावू नका, पण आज माझ्याकडे चौदा मुलं आलीच नाहीत. एकच मूल चौदा वेळा आलं.’ कुणाचीही निवड झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलांसमोर सांगितलं की चूक माझी होती, तुमची नव्हती. बाईंनी त्या उत्तरांच्या प्रती गोळा केल्या आणि रद्दीत टाकल्या.

त्याच आठवड्यात बाईंनी वही सुचवली. साधी शंभर पानी वही. पहिले चार दिवस दुसरं काही करायचं नाही. घरात, गल्लीत, कॉलेजात, कुणाच्या दुकानात तुम्ही जे जे काम करता ते लिहायचं, मराठीत, तारीख-वेळेसकट. कुणासाठी केलं, किती वेळ लागला, काय चुकलं, चुकलं तेव्हा काय केलं. आमच्याकडे तिला कामाची वही म्हणतात.

पहिल्या वह्या वाचल्या त्या रात्री मला झोप आली नाही. कोपरखैरण्याच्या एका मुलाने लिहिलं होतं की मार्च ते मे तो वाशीच्या एपीएमसीत फळबाजारातल्या एका गाळ्यावर रात्री कामाला जातो. कोकणातून हापूसच्या गाड्या रात्री येतात. गाडी लागली की कुठल्या बागायतदाराच्या किती पेट्या, पाच डझनी किती, सहा डझनी किती, डागी किती, हे उतरवून घ्यायचं आणि सकाळी मालकाच्या हिशेबाशी जुळवून द्यायचं. तीन हंगाम त्याने हे केलं होतं, आणि त्याच्या सीव्हीत त्यातला एक शब्दही नव्हता. मी विचारलं, का रे लिहिलं नाहीस? म्हणाला, ‘मॅडम, ते मार्केटचं काम. ऑफिसवाल्यांना हमालीच वाटेल.’

तेव्हाच उरणच्या बाजूच्या एका यार्डाला मुलं हवी होती. न्हावा शेवा बंदर १९८९ ला सुरू झालं. तिथे उतरलेले कंटेनर ठेवायला आणि तपासायला आसपास अशी पुष्कळ यार्डं उभी राहिली आहेत. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी त्याला विचारलं, गाडी आली की तू आधी काय बघतोस? तो अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत बोलला : आधी मालाबरोबरचं चलन, मग उतरवतानाच मोजणी, आणि खराब माल ड्रायव्हर समोर असतानाच वेगळा काढून त्याची सही घ्यायची, गाडी निघून गेली की भांडण आपल्या गळ्यात येतं. साहेबांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. जॉइनिंग कधी, एवढंच विचारलं.

तेव्हापासून वह्यांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं. आईच्या पोळी-भाजी केंद्रात उधारीची वही सांभाळणारी मुलगी. मंडळाच्या वर्गणीची पावती पुस्तकं चार वर्षं सांभाळून दरवर्षी हिशेब फलकावर लावणारा मुलगा. आजोबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या, रिपोर्ट आणि विम्याचे कागद एकटीने बघितलेली मुलगी. ही मुलं इंग्रजीत अडखळतात हे खरं आहे. पण बाईंचं म्हणणं मला पटतं : ज्याला आपलं काम मराठीत नीट सांगता येतं, त्याला ते इंग्रजीत सांगायला शिकवता येतं, ज्याला सांगण्यासारखं काही आहे हेच माहीत नाही, त्याला कुठलीच भाषा उपयोगी पडत नाही. म्हणून आमच्याकडे इंग्रजीचा सराव वहीतूनच होतो. रोज दहा वाक्यं, स्वतःच्या कामाची. केटी लागली असेल, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर तीही सांगायची, कधी सुटली तेही सांगायचं. लपवलेली केटी मार्कशीट हातात पडली की दिसतेच.

बाकीच्या गोष्टी एकेका नुकसानीतून सुरू झाल्या. टिटवाळ्याच्या एका मुलीला महाप्याला सकाळी सातच्या शिफ्टची नोकरी लागली आणि पाचव्या दिवशी तिने सोडली. चूक तिची नव्हती. कल्याणच्या बाजूने येणाऱ्याला ठाण्यात उतरून ट्रान्स हार्बरची गाडी पकडायला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जावं लागतं, मग घणसोली किंवा कोपरखैरणे, तिथून बस नाहीतर शेअर रिक्षा. पहाटे चारला उठून ती निघायची. आता ऑफर स्वीकारण्याआधी मुलांनी शिफ्टच्याच वेळेला, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, तो प्रवास एकदा करून यायचा. रविवारी केलेला प्रवास आम्ही धरत नाही. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा त्या बाजूच्या कंपन्यांची यादी आम्ही नव्याने काढली, कारण कुणाची वीस मिनिटं वाचली तर नोकरी टिकते.

पगाराचंही तसंच. ‘तीन लाखांचं पॅकेज’ ऐकून पेढे वाटणारी मुलं पहिल्या महिन्याची स्लिप बघून रडवेली होऊन आली आहेत. म्हणून ऑफर लेटर आलं की आम्ही ते फळ्यावर सोडवतो. तीन लाख म्हणजे महिन्याला २५,००० रुपये. समजा मूळ पगार १५,०००. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ७२० च्या आसपास, हे दोन्ही त्या २५,००० तच मोजलेले असतात. उरले २२,४८०. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की हातात २०,४८०. मुलींना या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर लागत नाही, २०२३ पासून २५,००० पर्यंत सूट आहे. मग पास, डबा, घरी द्यायचे पैसे. हा हिशेब बघून कुणी नोकरी नाकारत नाही, पण फसवलं गेल्याची भावना घेऊन कुणी कामाला लागत नाही. बॉन्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर त्यातलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून घेतो. मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवायला सांगितलं तर नाही म्हणायला शिकवतो.

अप्रेंटिसशिपबद्दल, म्हणजे विद्यावेतन घेत प्रत्यक्ष कामावर शिकण्याबद्दल, मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण आपल्याकडे ती अजून ‘आयटीआयवाल्यांची गोष्ट’ समजली जाते. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने बीए, बीकॉमच्या मुलांनाही त्यात वाट मिळाली. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन ९,००० ठरवलं. केंद्राच्या योजनेत नोंद केली तर त्यातला निम्मा भार सरकार उचलतं, आणि पश्चिम विभागाचं काम बघणारं कार्यालय आपल्या जवळच, शीवला आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदार काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, कॉमर्सची मुलंसुद्धा? स्टोअरला आणि अकाउंट्सला त्यांनी दोन मुलं घेतली. वर्षाने दोघंही कायम झाली. त्यांतली मुलगी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर कॉलेजात शिकली होती, पण बिल परत आलं तर काय करायचं हे ती कारखान्यात शिकली. कॉलेजच्या ओजेटीकडेही, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाकडेही, आम्ही याच नजरेने बघतो. नुसता शिक्का मारून आणलेलं सर्टिफिकेट असेल तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

२०२० मध्ये कंपन्यांनी भरती थांबवली आणि आमचं उत्पन्न शून्यावर आलं. बाईंनी पेन्शनमधून चार महिन्यांचं भाडं भरलं. ते मी फेडलं, पण विसरले नाही. मुलाखती ऑनलाइन झाल्या तेव्हा एक नवीच अडचण दिसली : एका खोलीच्या घरात सहा माणसं, मागे कुकरची शिट्टी, आणि मूल मोबाइल धरून दाराबाहेर उभं. निर्बंध उठल्यावर आम्ही आतली खोली रिकामी केली. एक टेबल, एक खुर्ची, चांगला दिवा, बऱ्यापैकी वेगाचं वायफाय. ज्याची मुलाखत असेल त्याने यायचं, दार लावून बसायचं. त्याचे पैसे नाहीत. वर्ग आता बाहेरच्या खोलीतच दाटीवाटीने होतात.

फसवणुकीची प्रकरणं मात्र वाढली आहेत आणि त्याचा मला मनापासून संताप येतो. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. त्याच्या आधीपासूनच विमानतळावर नोकरी म्हणून पत्रं फिरत होती. पनवेलचे एक वडील असं पत्र घेऊन आले. युनिफॉर्म आणि ट्रेनिंगचे म्हणून १२,००० रुपये त्यांनी भरून झाले होते, आणखी मागत होते. पत्रातला ईमेल मोफत खात्याचा, सही स्कॅन केलेली, पत्ता अर्धवट. मी त्यांना १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला बसवलं. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत. पुढचे वाचले.

आता सीव्ही चॅटजीपीटीकडून लिहून येतात. इंग्रजी सुंदर असतं. पण २०१३ मध्ये माझ्या टेबलावर यायच्या त्याच सारख्या ओळी, फक्त जास्त गुळगुळीत. आमचा नियम साधा आहे : आधी हाताने वही, मग तिच्यातून मराठीत एक पान, मग हवी तर इंग्रजीसाठी यंत्राची मदत घ्या. वहीत नसलेली एकही गोष्ट सीव्हीत येता कामा नये.

ती पोळी-भाजी केंद्रवाली मुलगी आज रबाळ्याच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. आमच्याकडून मुलं बोलावते तेव्हा न निवडलेल्या प्रत्येकासमोर एक ओळ लिहून पाठवते. पहिल्यांदा ती यादी आली तेव्हा मला रिसेप्शनमधली, ‘नेमकं काय कमी पडलं’ विचारणारी ती मुलगी आठवली. मग मी बाकीच्या कंपन्यांनाही ही ओळ मागायला लागले. काही देतात, काही देत नाहीत, मी मागत राहते. गेल्या मंगळवारी तिची यादी आली. सहा नावं. ‘एक्सेल येतं म्हणाला, व्हीलुकअप जमलं नाही.’ ‘आवाज फार हळू, पण उत्तरं बरोबर, महिन्याने पुन्हा पाठवा.’ ‘पगाराबद्दल घरून विचारून सांगते म्हणाली, घरच्यांशी आधी बोलून यावं.’ संध्याकाळी बाई आणि मी तीन-तीन नावं वाटून घेतली आणि फोन लावायला बसलो.