गौताळ्याची पानगळ: दिवाळीनंतर लगेच जाऊ नका

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड गावाजवळच्या गौताळा अभयारण्यात रंगलेली पानं बघायची असतील तर नोव्हेंबरात अजिबात जाऊ नका. माझी एक खेप त्यात वाया गेली. ‘शरदात रंग असतात’ असं ओळखीतल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं, म्हणून जालन्याहून पहाटे निघालो. साग हिरवा, गवत पिवळं, संपलं. आपल्याकडे पानगळ शरदात नाही, शिशिरात होते. इथली झाडं बर्फाच्या भीतीने नाही, पुढे पाणी मिळणार नाही म्हणून पानं टाकतात.

दुसऱ्यांदा फेब्रुवारीच्या शेवटी गेलो आणि डोळ्यांचं पारणं फिटलं. धावडा तांबूस झालेला, सालईची साल कागदासारखी सुटलेली, मधूनमधून पळस. पाऊस लवकर उघडला असेल त्या वर्षी पंधरा दिवस आधीच जा.

खरा त्रास नागापूरहून अंतूर किल्ल्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याचा. दगड आणि फुफाटा. आपली गाडी घालवेना म्हणून जीप केली. ठरले हजार, परतल्यावर ‘थांबलो त्याचे’ म्हणून आणखी आठशे. भांडलो, वाद घातला, शेवटी दिले, कारण ऊन डोक्यावर आलं होतं. जीप करायचीच असेल तर ‘जाऊन-येऊन, थांबण्यासकट’ हे शब्द चार माणसांसमोर बोलून घ्या. माझ्या मते चालतच जा, पण उजाडायच्या आत निघा. दहानंतर उन्हात सगळे रंग फिके पडतात, आणि पानं झडल्यामुळे वाटेत सावली औषधालाही नाही. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्या.

उतरताना जपा. सागाची वाळलेली पानं वितीएवढी जाड पसरलेली असतात, खालचा दगड दिसत नाही. माझा गुडघा तिथेच मुरगळला, हे लिहितानाही ठणकतोय. पण तटावरून खाली जे तांबडं-करडं रान दिसलं त्यासाठी मी उद्या पुन्हा जाईन.

दुसऱ्या दिवशी पितळखोरा पाहिलं. लेणी सुरेख, पायऱ्या बांधलेल्या, काही अडचण नाही.

एक मात्र हात जोडून सांगतो. त्या दिवसांत रान पार वाळलेलं असतं, एका ठिणगीने डोंगर जाईल. विडी नको, चूल नको. चहा कन्नडला पिऊनच वर चढा.