आमची वाटचाल : मिडलटनमधली सात टेबलं

दापोलीकडची बाई हॉटेल काढतेय म्हटल्यावर गावात ज्याने त्याने एकच विचारलं, "करी मिळणार ना?" २०१६च्या मे महिन्यात आम्ही आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात, मिडलटन या छोट्या गावात, नारळ फोडून दार उघडलं. तेव्हा मेनूत करी नव्हती, आजही नाही. ७ टेबलं, २२ खुर्च्या आणि फक्त आयरिश जेवण.

हे जेवण मी कॉलेजात नाही, माझ्या आयरिश सासूबाईंच्या ओट्याशी शिकले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ब्राऊन ब्रेड करायला उभं केलं. जाडसर गव्हाचं पीठ, थोडा मैदा, मीठ, खायचा सोडा आणि ताक. यीस्ट नाही, कारण इथला गहू मऊ, त्याला चिकटपणा कमी. यीस्टने तो नीट फुगत नाही. बोटं पंजासारखी ताठ धरून पीठ नि ताक गोल फिरवत एकत्र करायचं. मळायचं अजिबात नाही, मळलं की पाव दगड होतो. वर सुरीने खोल फुली मारायची. भाजताना मधला भाग शिजावा म्हणून, पण सासूबाई म्हणायच्या, आतल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी! भाजून झाल्यावर पाव उलटा धरून बोटाने टकटक करायची. पोकळ आवाज आला की झाला. माझ्या आजीने कधी भाकरीचं पाणी मोजलं नाही, तसं सासूबाईंनी कधी ताक मोजलं नाही. मला तिथेच घरी आल्यासारखं वाटलं.

नवल याचं वाटायचं की या जेवणाला इथल्याच लोकांनी कमी लेखलं होतं. १८४५ नंतरच्या दुष्काळात बटाट्यावर रोग पडला, सुमारे १० लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. त्यानंतर बटाटा, कोबी, समुद्रातलं शेवाळ ही सगळी गरिबीची आठवण झाली. पाहुण्यांसमोर मांडायचं ते फ्रेंच. हे चित्र पालटायला सुरुवात केली ती मर्टल ॲलन यांनी, आणि तीही आमच्यापासून गाडीने पाव-अर्ध्या तासावर. १९६४ साली त्यांनी बॅलीमलू इथल्या आपल्या राहत्या घरातच जेवणघर सुरू केलं. शेतावर आणि बंदरावर त्या दिवशी जे येईल, त्यावर रोजचा मेनू ठरायचा. आज ज्याला 'आधुनिक आयरिश' म्हणतात त्याचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

आमचा मेनूही एका पानाचा. सकाळी बॅलीकॉटन बंदरातून मासळी काय आली हे कळल्याशिवाय मी तो लिहीत नाही. हेक मिळाला तर लोणी तांबूस होईपर्यंत कढवून त्यावर, सोबत डिलिस्क हे तांबडं शेवाळ. जूनच्या सुमारास नवा बटाटा येतो. तो वाफवला की साल तडकून आतला पिठूळ गर दिसतो, इथले लोक त्याला 'हसरा बटाटा' म्हणतात. त्या दिवसांत मी त्यावर लोणी आणि मिठाशिवाय काही घालत नाही. गरम मसाल्याची चिमूट टाकून बघ, असा सल्ला बरेच जण देतात. मला ते पटत नाही. या बटाट्याची चव झाकायला मी इथे आलेले नाही.

गोडात कॅरागीन ठेवायचं म्हटलं तेव्हा नवराही बिचकला. हे खडकावरचं शेवाळ. वाळवलेलं भिजवून दुधात मंद शिजवायचं आणि गाळायचं, की दूध आपोआप थिजतं. जुन्या पिढीला ते खोकल्याचं औषध म्हणून पाजलेलं. पहिल्याच महिन्यात एक आजोबा वाटी बघून "हे नको" म्हणाले. मी म्हटलं, एक चमचा घ्या, नाही आवडलं तर परत नेते. त्यांनी वाटी संपवली आणि आईबद्दल बोलत बसले. त्यांचं टेबल मी त्या रात्री दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. मध्ये काही काळ सूट मिळाली, पण आत बसून जेवायची परवानगी टिकून परत मिळाली ती २०२१च्या जुलैअखेर. बंदीच्या काळात आम्ही खिडकीतून ब्राऊन ब्रेड विकला, त्यावर भाडं निघालं.

खरा घाव २०२३चा. १ सप्टेंबरला खाद्यसेवेवरचा व्हॅट ९ वरून १३.५ टक्के झाला. त्याचा हिशेब लावतोय तोवर १८ ऑक्टोबरला बाबेट वादळ आलं आणि ओव्हनाकरा नदी मेन स्ट्रीटवर शिरली. कोकणातला पाऊस पाहिलेली मी, पण तांबडं पाणी उंबरा ओलांडून फ्रीजपर्यंत चढताना नुसती जिन्यावर उभी राहिले. पुराचा विमा आम्हाला कुणी दिलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी लाद्यांवरचा चिखल खरवडायला आमचा बटाटेवाला शेतकरी घरातली फावडी घेऊन आला. त्याचं आमच्याकडे दोन महिन्यांचं बिल थकलेलं होतं, त्याने त्याचा विषयही काढला नाही.

दार परत उघडायला पाच महिने लागले. त्या संध्याकाळी मेनूत तीनच पदार्थ होते, आणि पहिलं टेबल त्या शेतकऱ्याच्या घरच्यांचं. सासूबाई आता थकल्यात, तरी त्या दिवशी सकाळी सातला आल्या, बाह्या वर केल्या आणि पहिल्या पावाचं पीठ त्यांनीच भिजवलं.