जुन्या कोर टू ड्युओवर पेनड्राइव्ह बूट करताना : माझा अनुभव

आमच्या गावच्या वाचनालयातला संगणक कोर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचा. डीडीआर२ रॅमच्या दोन पट्ट्या मिळून ४ जीबी, हार्ड डिस्क अजून धडधाकट, सीडी ड्राइव्ह मात्र केव्हाच बंद पडलेला. त्यावर विंडोज ७ होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबवले आणि क्रोमही १०९ व्या आवृत्तीच्या पुढे त्यावर सरकत नाही. एकेक वेबसाइट उघडेनाशी होत चालली होती. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "दुकानवाला म्हणतो नवीनच घ्या. पण अनुदान येईल तेव्हा येईल. तोवर याचं काही होतंय का बघ ना." पुस्तकं शोधायला, याद्या छापायला, अर्ज भरायला एवढं यंत्र आजही पुरतं. ते भंगारात जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाकायची, आणि सीडी चालत नाही तर पेनड्राइव्हवरून टाकायची, असं ठरलं.

सगळ्यात आधी दाखल नोंदवहीच्या, म्हणजे वाचनालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदींच्या, फायली दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी करून घेतल्या आणि दोन्हीकडून उघडून पाहिल्या. हे होईपर्यंत बाकी कशालाच हात लावला नाही.

पेनड्राइव्ह तयार करणं हा यातला सोपा भाग. घरच्या लॅपटॉपवर मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलचं सगळं सामान असलेली एकच फाइल, उतरवली, कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल ही आज्ञा चालवून तिचा एसएचए२५६ आकडा (फाइल शाबूत आहे का ते ताडायची खूण) काढला आणि मिंटने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहिला. गावाकडच्या नेटवर एवढी मोठी फाइल उतरताना मध्येच तुटली असेल, तर इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं आणि दोष पेनड्राइव्हवर जातो, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही. मग आयएसओ पेनड्राइव्हवर लिहून देणारं रूफस उघडलं. पार्टिशन स्कीम, म्हणजे ड्राइव्हच्या विभागणीची पद्धत, जुनी एमबीआर ठेवली. नवी जीपीटी निवडली की लक्ष्य फक्त यूईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेणारी नवी व्यवस्था, उरतं, आणि या मशीनला यूईएफआय माहीतच नाही.

एमबीआरच का, हे नीट समजून घेतलं तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. जुना बायोस, म्हणजे मशीन सुरू होताच सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, फायली वाचत नाही. तो ड्राइव्हचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत घेतो. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए असले की तिथल्या कोडकडे कारभार सोपवतो. त्या ५१२ पैकी ४४६ बाइट कोडसाठी, ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ या खुणेसाठी. नव्या मशीनचं यूईएफआय फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवरची ठरावीक फाइल स्वतः शोधून चालवतं, त्यामुळे तिथे आयएसओमधल्या फायली पेनड्राइव्हवर नुसत्या उलगडल्या तरी बरेचदा भागतं. जुन्या मशीनवर तसं केलं, तर पहिल्या सेक्टरमध्ये काहीच कामाचं नसतं आणि 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'सारखी एखादी ओळच येते.

खरी लढाई वाचनालयात सुरू झाली. माझ्याकडचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावला की मशीन लोगोवरच थबकायचं, कीबोर्डलाही दाद द्यायचं नाही. पेनड्राइव्ह काढला की लगेच पुढे. लॅपटॉपवर तोच पेनड्राइव्ह बिनतक्रार बूट होत होता (लॅपटॉप त्यावरून सुरू होत होता), म्हणजे त्यावरचा मजकूर ठीक होता. जुना ८ जीबीचा पेनड्राइव्ह शोधून काढला, त्यावर तीच आयएसओ लिहिली आणि मशीन लोगोच्या पुढे गेलं. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावला, कारण तो पोर्ट थेट मदरबोर्डवर असतो. पुढचा पोर्ट आतून वायरने जोडलेला, आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती वायर हमखास ढिली झालेली असते.

तरीही बूट मेनूत, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीत, हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह, एवढीच दोन नावं. बायोसमध्ये बूट डिव्हाइस प्रायॉरिटी उघडली, तिथेही यूएसबी असा शब्द नाही. बहुतेक जण नेमके इथेच हात टेकतात आणि 'या बोर्डाला यूएसबी बूट नाही' असं सांगून मोकळे होतात. ते खरं असेलच असं नाही. या काळातले बरेच बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्क समजतात आणि मुख्य यादीत फक्त एकच हार्ड डिस्क दाखवतात. त्याच पानावर 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज' नावाचा वेगळा उपमेनू असतो. तो उघडला आणि तिथे पेनड्राइव्ह दुसऱ्या क्रमांकावर बसलेला दिसला! त्याला पहिल्यावर आणला, मागे आलो, तर मुख्य यादीत हार्ड डिस्कच्या जागी त्याचंच नाव. हा उपमेनू पेनड्राइव्ह आधी लावून मग मशीन सुरू केलं तरच भरतो, ही गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितलेली असते.

यूएसबीच्या पानावर आणखी तीन गोष्टी पाहिल्या. लेगसी यूएसबी सपोर्ट चालू असायला हवा. एम्युलेशन टाइप, म्हणजे पेनड्राइव्हला काय समजायचं ते, 'ऑटो' होता. ऑटोमध्ये हा बायोस ५३० एमबीपेक्षा लहान ड्राइव्हला फ्लॉपी धरतो आणि मोठ्याला हार्ड डिस्क. मी तो स्पष्टपणे 'हार्ड डिस्क' करून टाकला. तिसरी गोष्ट यूएसबी २.० कंट्रोलर मोड. तो 'फुल स्पीड'वर होता. नाव ऐकून वाटतं हाच वेगवान असेल, पण फुल स्पीड म्हणजे १२ मेगाबिट, हाय स्पीड म्हणजे ४८०. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होईपर्यंत सगळं वाचन बायोसच करतो. कर्नल आणि त्याला सुरुवातीला लागणारी इनिटआरडी ही फाइल मिळून ५० एमबीच्या वर जातात, आणि सेकंदाला जेमतेम एक एमबी या गतीने ती येत राहिली तर काळा पडदा मिनिटभर तरी हलत नाही. अशा वेळी लोक मशीन अडकलं समजून पॉवरचं बटण दाबतात. हाय स्पीड केल्यावर ती वाट पाहणं खूपच कमी झालं. एकदा कर्नल उभा राहिला की त्याचा स्वतःचा ड्रायव्हर काम हाती घेतो, मग बायोसचा संबंध संपतो.

एवढं करूनही पुढच्या वेळी मशीन लावलं तेव्हा सगळी सेटिंग्ज पुसलेली आणि तारीख कित्येक वर्षं मागे. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला होता. घड्याळवाल्याकडे सहज मिळणारा हा सेल बदलला की हा त्रास जातो. जुन्या मशीनवर काम सुरू करण्याआधीच तो बदलून घ्यावा असं माझं मत आहे. तारीख चुकीची असली की नव्या लिनक्सवरही ब्राउझर प्रत्येक सुरक्षित वेबसाइटला नकार देतो आणि कारण पटकन लक्षात येत नाही.

रूफसमध्ये जुन्या बायोससाठी एक वेगळी खूणगाठ आहे, 'अ‍ॅड फिक्सेस फॉर ओल्ड बायोसेस'. ती एक छोटं लपलेलं पार्टिशन जोडते आणि पार्टिशनच्या सीमा जुन्या पद्धतीने जुळवते, म्हणजे बायोसला तो ड्राइव्ह हार्ड डिस्क म्हणून ओळखता येतो. उपमेनूतही पेनड्राइव्ह आला नसता, तर मी ती वापरली असती. लिहायला सुरुवात करताना रूफस आयएसओ मोड की डीडी मोड असंही विचारतं. मी आयएसओ मोड घेतला, तो चालला. नाही चालला तर डीडी मोड जरूर करून पाहावा. त्यात आयएसओ जशीच्या तशी, पहिल्या सेक्टरसकट उतरते.

इन्स्टॉल करताना एका जागी मी मुद्दाम थांबलो. बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम, कुठे टाकायचा हे विचारलं जातं तिथे. पेनड्राइव्ह पहिली हार्ड डिस्क म्हणून लावलेला असल्यामुळे क्रमावर विसंबून चालत नाही. आकार बघून ठरवायचं : ८ जीबीवाला तो पेनड्राइव्ह, मोठी ती डिस्क. बूटलोडर पेनड्राइव्हवर गेला तर तो काढल्यावर मशीन उठतच नाही. काम झाल्यावर बायोसमध्ये हार्ड डिस्क परत पहिल्या क्रमांकावर आणली. मराठी टाइप करण्यासाठी आयबस आणि एम१७एन ही साधनं टाकली. त्यात इनस्क्रिप्ट हा कीबोर्डही आहे आणि उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायचा फोनेटिकही. ताईंना इनस्क्रिप्टची सवय, मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलीला फोनेटिकची, दोघींचं भागलं.

हे पाहून ताईंनी कपाटामागचा एक पेंटियम ४ बाहेर काढला. त्याच्या बायोसमध्ये यूएसबीचं नावच नाही, उपमेनूतही नाही. अशा मशीनसाठी प्लॉप बूट मॅनेजर आहे. त्याच्यात स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असतो. त्याची छोटी आयएसओ सीडीवर लिहायची, मशीन सीडीवरून सुरू करायचं आणि प्लॉपच्या यादीतून यूएसबी निवडायचं. या मशीनचा सीडी ड्राइव्ह सुदैवाने चालू होता. प्रोसेसर ३२ बिटचा, त्यामुळे मिंटची सध्याची आवृत्ती त्यावर चालणार नव्हती आणि डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्समध्येही ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. अँटिएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती टाकली. इंटरनेटसाठी तो धिमाच आहे, पण पुस्तकाचं नाव टाकून यादीत शोधायला आणि पावती छापायला चालतो.

आता उरलंय ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली दाखल नोंदवही युनिकोडमध्ये आणणं. ते काम पेनड्राइव्हपेक्षा कितीतरी मोठं आहे आणि आम्ही कादंबऱ्यांच्या यादीपासून सुरू केलंय.