बेडरूमची डबल काच, प्रयत्न दुसरा

एप्रिलमध्ये पश्चिमेच्या फिक्स खिडकीची आतली काच तडकली. पहिला संशय अर्थातच खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर. पण आम्ही चौथ्या मजल्यावर, बाहेरची काच धडधाकट आणि आतल्या काचेवर टोल्याची खूणही नाही. मग तडा नीट पाहिला. कडेपासून काटकोनात निघून चार बोटं सरळ गेलेला, पुढे नागमोडी. ही उष्णतेची तड. मार्चमध्ये उन्हाला वैतागून मीच आतून गडद सनफिल्म चिकटवली होती. फिल्मने ऊन शोषलं, मधल्या हवेमुळे ती उष्णता बाहेर जाईना. काचेचं पोट तापलं आणि फ्रेममध्ये दबलेल्या कडा गारच राहिल्या. साध्या काचेला साधारण 40 अंशांचा फरक झेपतो, त्यापुढे ती बोलते. पोरांची मनातल्या मनात माफी मागितली.

मे महिन्यातला पहिला प्रयत्न फसला, तरी सांगतो. बीडिंग, म्हणजे काच फ्रेममध्ये दाबून धरणाऱ्या पट्ट्या, आतून होतं, म्हणून बाहेर लटकायची वेळ आली नाही. पातळ पटाशी लांब पट्टीच्या मध्यावर घालून हळूच उचकटायची. आधी लांब पट्ट्या, मग आखूड. पट्ट्यांच्या मागे पेन्सिलने नंबर घाला. मी घातले नाहीत, आणि नंतर अर्धा तास कुठली कुठे ते जुळवत बसलो. फुटक्या काचेचे तुकडे मात्र फिल्मने धरून ठेवले, तेवढाच तिचा उपयोग.

दोन काचांमधली ॲल्युमिनियमची पट्टी कापली तर आतून खसखशीपेक्षा जरा मोठे, मातकट दाणे जमिनीवर सांडले. ओलावा शोषायला असतात ते. चमचाभर तळहातावर घेऊन दोन थेंब पाणी टाकलं. ताजे असते तर चांगलेच तापले असते, हे ढिम्म. तडा गेल्यापासून हवेतलं बाष्प पिऊन तृप्त झालेले. तरीही मी हट्टाने जुनी पट्टी ठेवून, कोपऱ्यावरच्या दुकानातून 5 मिमीची काच आणून सिलिकॉनने चिकटवली. सिलिकॉनही व्हिनेगरसारखा वास येणारं, जे डबल काचेच्या मूळ सीलला बाधतं. जूनच्या पहिल्या पावसात बाहेरची काच गार पडली आणि आत धुकं. पुसायला हातच पोचत नाही!

मग शहाणपण सुचलं. कारखान्यात सीलबंद झालेलं युनिटच मागवलं: 5-12-5, म्हणजे काच 5, मधली पोकळी 12, काच 5, एकूण 22 मिमी; दोन्ही काचा टफन, म्हणजे तापवून कणखर केलेल्या. फ्रेमच्या पोटाचं माप तीन-तीन ठिकाणी घेतलं, सगळ्यात कमी आलं ते 620 × 1110. प्रत्येक बाजूला 5 मिमी मोकळे ठेवून 610 × 1100 लिहून दिलं. काचवाला सुतात (इंचाचा आठवा भाग) बोलायला लागला तेव्हा कागद पुढे सरकवला.

"काका, टफन झाल्यावर काच एक मिमीसुद्धा घासता येत नाही. माप तुमचं, जबाबदारी तुमची. आणि फिल्म लावली होती का?"

मी विषय बदलला.

बारा दिवसांनी युनिट आलं. वजन साधारण 17 किलो, त्यामुळे भाच्याला बोलावलं आणि सक्शन कप भाड्याने आणले. बसवण्याआधी खालच्या फ्रेममधली पाणी जायची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी केली. मातीने पार बुजली होती. पाणी साचलं की युनिटचं सील खालून कुजतं. खाली दोन प्लॅस्टिकच्या पॅकिंग, दोन्ही कोपऱ्यांपासून पाव अंतरावर. पॅकिंग 22 मिमीपेक्षा रुंदच हवी, नाहीतर एकच काच टेकते, दुसरी सीलवर लटकते. बीडिंग परत लावताना उलटा क्रम: आखूड आधी. शेवटची लांब पट्टी काही केल्या बसेना. साबणाचं पाणी लावून, मधे कमान करून, रबरी हातोडीने दोन्ही टोकांकडून ठोकत आणली तेव्हा टक्‌ आवाज करून बसली.

पंधरा दिवस सलग पाऊस झाला, आत धुक्याचा मागमूस नाही. शेजारच्या खिडकीवर तीच सनफिल्म अजून आहे. या शनिवारी खरवडणार. गोंद सुटायची सोपी युक्ती कुणाकडे असेल तर त्याआधी सांगा.