दह्याच्या डब्यातली गांडुळं

उद्या पहाटे ओहायोतल्या एका शेतावर मासे गरवायला जायचंय. तळं मी अजून पाहिलेलं नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांचं आहे. "ब्लूगिल फार झालेत, कुणीतरी येऊन घेऊन जा रे," असं म्हातारबुवा बरेच दिवस म्हणत होते म्हणे. हे कानावर पडताच मी निर्लज्जपणे त्यांचा नंबर मागून घेतला.

ब्लूगिल हा इथल्या 'पॅनफिश' मंडळींपैकी. तव्यात अख्खा मावतो म्हणून पॅनफिश. तळहाताएवढा, चपटा, कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका. मोठ्या बास माशाच्या मागे लागलेले लोक त्याला पोराटोरांचा मासा म्हणतात. म्हणोत बापडे. मी सिंधुदुर्गात खाडीकाठी गरी टाकून वाढलोय. तव्याच्या मापाचा मासा म्हटलं की मला काही कमी वाटत नाही.

फोनवर मी माशांची चौकशी करणार होतो, उलटतपासणी माझीच झाली. गाडी कुठे लावणार? फाटक लगेच ओढून घ्याल ना, आत गाई आहेत. बास लागला तर परत सोडायचा. ब्लूगिलची पिल्लं तोच खातो, तो कमी झाला की हे भरमसाट वाढतात आणि सगळेच खुरटतात. पाणवनस्पती खायला ग्रास कार्प मासे सोडलेत, त्यांच्या वाटेला जायचं नाही. आणि दुसऱ्या तळ्यातला मासा सोडा, पाण्याचा थेंबही आणायचा नाही.

हे शेवटचं मला फार पटलं. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. ते तिकडे असे माजले की २००७ मध्ये, सम्राट झालेल्या अकिहितोंना त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त करावी लागली. सम्राटाची ही गत, तर आपण कोण! बादली आणि बूट कालच घासून उन्हात टाकले.

तळं फोनवर, उपग्रहाच्या नकाशात, वरून बघून झालंय. पावट्याच्या दाण्यासारखं आहे. एका बाजूला सरळ रेघ, म्हणजे मातीचा बांध. पाणी खोल असणार ते तिथेच. दुसऱ्या टोकाला उथळ. या दिवसांत पाणी ७० फॅरनहाइटच्या आसपास आलं की ब्लूगिलचे नर उथळ जागी ताटाएवढे खळगे करतात आणि अंडी राखत बसतात. एकमेकांना खेटून, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे. तेव्हा सकाळी उथळ टोक, ऊन चढलं की बांध. असा आपला माझा बेत, तळ्याला कुणी विचारलंय!

सामान फारसं नाही. चार पौंडी तंगूस, शिशाचे बारीक मणी, पाण्यावर तरंगणारा बोटाएवढा बॉबर, आणि लांब दांडीचे ८ नंबरचे गळ. इथे नंबर वाढला की गळ लहान होतो, उलटा कारभार. पण ब्लूगिलचं तोंड इवलंसं. मोठ्या गळावरचं गांडूळ तो शिस्तीत कुरतडून नेतो आणि आपण तासभर रिकामा गळ सांभाळत बसतो.

गांडुळं मात्र सगळ्यात अवघड. पेट्रोल पंपावर थर्माकोलच्या कपात मिळतात, थंडाव्यात ठेवावी लागतात. कपाचं झाकण सैल होतं, म्हणून मी ती मातीसकट दह्याच्या रिकाम्या डब्यात घातली, झाकणाला सुईने भोकं पाडली आणि डबा फ्रीजमध्ये सरकवला. आमच्या फ्रीजमध्ये दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं असतं: आमटी, भिजवलेली मटकी, ओल्या नारळाचा चव. बायकोने काही न बोलता मार्कर घेतला आणि झाकणावर ठसठशीत लिहिलं, 'गांडुळं. उघडू नये.' मग डबा कोथिंबिरीपासून शक्य तितका लांब, खालच्या कप्प्यात गेला.

कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून म्हातारबुवांसाठी पातळ पोह्यांचा चिवडा केलाय. तोही अर्थात दह्याच्याच डब्यात. त्यावर तिने 'चिवडा' लिहिलं. दोन्ही डबे पिशवीत शेजारी शेजारी ठेवताना माझ्या लक्षात आलं, म्हातारबुवांना देवनागरी येत नाही.

मार्कर शोधतोय.