दुधाळ सीरम

लॅबमध्ये रक्त गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली आणि हात थबकला. वर पिवळसर, स्वच्छ सीरम, म्हणजे रक्तपेशी खाली बसल्यावर उरणारा द्रव, दिसायला हवं होतं. तिथे पाणी घातलेल्या दुधासारखा थर होता. छापील कागदासमोर नळी धरली, तर पलीकडचं एकही अक्षर नीट वाचता येईना. चिठ्ठीवर वय १२, वजन ७४ किलो.

कोलेस्टेरॉल १६५ आलं, कुणीही निर्धास्त व्हावं असं. पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ४६०, 'चांगलं' कोलेस्टेरॉल एचडीएल अवघं ३१, युरिक ॲसिड ८.१. 'वाईट' कोलेस्टेरॉल एलडीएलची जागा रिकामी ठेवली. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की ते काढायचं नेहमीचं सूत्र चालत नाही.

मी बाहेर गेले. "रात्री आठनंतर घासही खाल्ला नाही हो यानं," आई म्हणाली. मुलगा खाली बघत होता.

"आणि प्यायलास काही?"

"ज्यूस. मोठी बाटली."

त्याचं काय चुकलं? आम्हीच 'उपाशी या' म्हणतो, 'फक्त पाणी प्या' असं सांगत नाही. त्या दिवसापासून मी सांगते.

ज्यूसमधली साखर, फ्रुक्टोज, यकृतात शिरली की ती फोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लगाम राहत नाही. पेशीतलं इंधन, एटीपी, भराभर खर्ची पडतं आणि त्याच्या उरल्यासुरल्या अंशाचं शेवटी युरिक ॲसिड होतं. फ्रुक्टोजचा काही भाग चरबी होऊन रक्तात उतरतो. दोन्ही आकडे एकाच भट्टीतले! लठ्ठ मुलांत त्यात इन्सुलिनची भर पडते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंड युरिक ॲसिड धरून ठेवतं. आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की रक्तातली चरबी उचलणारं विकरही मंदावतं.

दोन दिवसांनी, १२ तास फक्त पाण्यावर राहून तो आला. ट्रायग्लिसराइड २८८, युरिक ॲसिड ७.४. म्हणजे सगळा दोष त्या बाटलीचा नव्हता. या वयात १३० सुद्धा जास्तच. रिपोर्ट पाठवून मी थांबले नाही, डॉक्टरांना स्वतः फोन केला. कोलेस्टेरॉलच्या बऱ्या आकड्यावर नजर थांबून बाकीचं नजरेआड होईल, याची मला खरोखर धास्ती वाटत होती.

तीन महिन्यांनी मायलेक पुन्हा आले. गोड पेयं बंद, संध्याकाळी तासभर खेळ. वजन दोनच किलो उतरलं होतं, म्हणून आई हिरमुसली होती. ट्रायग्लिसराइड मात्र १६४, युरिक ॲसिड ६.३.

"मला बघू द्या ना नळी," तो म्हणाला. मी ती कागदासमोर धरली. त्याने मान वाकडी करून पलीकडची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.